बसून केलेले श्रम

मोटारींच्या शर्यतीला खेळ म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या डोळखांबसारख्या आडगांवीं निघण्याचें वास्तविक कांहीं कारण नव्हतें. येथें आजोबाचा डोंगर दिसतो, शहापुराकडून येणारी एस.टी. दिसते, आणि भात निघाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांतून शहापूर-मुरबाडच्या या पट्ट्यांत कोठें कोठें बैलगाड्यांची शर्यतहि दिसते; परंतु जिची किंमत सांगतांना सांगणाराचीच जीभ अडखळावी अशी शर्यतीची मोटार या मुलखांत कोणी पाहिलेली नाहीं. तथापि आजकाल चित्रपट घरोघर येऊन पोंचतात, आणि त्यांच्यामागून असले प्रश्नहि येतात. रॉन हॉवर्ड यांनीं दिग्दर्शित केलेला व पीटर मॉर्गन यांनीं लिहिलेला 'रश' हा २०१३ सालचा इंग्रजी चित्रपट आम्ही चारपांच मंडळींनीं एका पावसाळी संध्याकाळीं एकत्र बसून पाहिला. तो संपतांच आमच्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं निकाल देऊन टाकला, "धांवते ती मोटार, हा आपला खुर्चीवर बसलेला. कुस्ती हा खेळ, मल्लखांब हा खेळ. बसण्याला खेळ कसें म्हणावयाचें?"

हा आक्षेप हांसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्याकडे खेळाची कल्पनाच मुळीं मातींतून आलेली आहे. साधन जितकें थोडें तितका खेळ अस्सल, ही आपली जुनी समजूत. हुतुतूला श्वास पुरतो, आट्यापाट्यांना जमिनीवर ओढलेल्या रेघा पुरतात, कुस्तीला दोन देह. खेळणाराचें अंग दिसलें पाहिजे आणि त्या अंगावरचा घामहि दिसला पाहिजे. ज्या कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं खासबागेचें मैदान बांधविलें, त्याच कोल्हापुराजवळ आतां छोट्या शर्यती-मोटारींचा मार्ग झाला आहे आणि राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याहि तेथें झालेल्या आहेत. पुण्याचे संजय टकले आशिया-पॅसिफिक रॅलीसारख्या स्पर्धांत उतरले. परंतु तालमींतल्या वस्तादास हीं मंडळी आपलीं जातभाई वाटत असतील, असें कांहीं मला म्हणवत नाहीं. सरकारदरबारींहि हा घोळ आहेच. २०११ सालीं ग्रेटर नॉयडा येथें फॉर्म्युला वनची शर्यत झाली, तेव्हां उत्तर प्रदेश सरकारनें दिलेल्या करमाफीस आव्हान देण्यांत आलें, आणि तिकिटांच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा वेगळा काढून ठेवण्याची आज्ञा सर्वोच्च न्यायालयानें केली. खेळ कीं करमणूक, यावर त्या वेळीं बरीच चर्चा झाली. पुढें २०१९ मध्यें रॅलीचालक गौरव गिल यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटारींच्या खेळांत तो मिळविणारे ते पहिलेच. पण पुरस्कारानें वाद मिटतात, असा कांहीं अनुभव नाहीं.

चित्रपटाकडे वळतों. कथा १९७६ सालची आहे. ऑस्ट्रियाचा निकी लाउडा आणि इंग्लंडचा जेम्स हंट हे त्या वर्षींच्या जगज्जेतेपदासाठीं झगडणारे दोन प्रतिस्पर्धी. लाउडा हिशेबी, तुटक, यंत्राचा मर्मज्ञ. हंट देखणा, विलासी, आजचा दिवस उद्यांवर न टाकणारा. १ ऑगस्ट रोजीं जर्मनींतील नुर्बुर्गरिंगच्या त्या जुन्या, जवळजवळ तेवीस किलोमीटर लांबीच्या वांकड्यातिकड्या मार्गावर लाउडाची मोटार आदळून पेटली. मागून आलेल्या चालकांनींच त्याला ज्वाळांतून ओढून बाहेर काढलें. त्याचें डोकें व चेहरा भाजला, फुप्फुसांत विषारी वायु गेला, आणि तो जगत नाहीं असेंच सर्वांस वाटलें. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनीं, १२ सप्टेंबरला, तो इटलींत मोंझा येथें पुन्हां मोटारींत बसला आणि चौथा आला. ऑक्टोबरांत जपानमधील फुजी येथें अखेरची शर्यत धो धो पावसांत सुरू झाली. दोन फेऱ्या होतांच लाउडानें आपण होऊन मोटार थांबविली. हंट तिसरा आला आणि एका गुणानें जगज्जेता ठरला. असली कथा काल्पनिक असती तर आपण लेखकाला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

ही कथा चित्रपटानें रंगविली आहे उत्तम. हंटचें काम करणारा ख्रिस हेम्सवर्थ शोभून दिसतो, आणि लाउडाच्या भूमिकेंत डॅनियल ब्रूल यानें तर कमालच केली आहे. प्रेक्षकाला न आवडण्याचा धोका पत्करून त्यानें तो माणूस उभा केला आहे, आणि शेवटीं आपण हंटला विसरून त्याच्याच बाजूला जाऊन बसतों. परंतु आमच्या वडील गृहस्थांच्या आक्षेपाला चित्रपटानें जें उत्तर दिलें आहे तें मात्र चुकीचें आहे, असें माझें मत आहे. चित्रपटाचें उत्तर एकच: मरण. दर वर्षीं यांतले एकदोन जण मरतात, तरीहि हे बसतात, म्हणून हे थोर. अपघात, ज्वाळा, तुटलेलीं चाकें, रुग्णालयांतील त्या अंगावर कांटा आणणाऱ्या नळ्या, आणि ओल्या जखमांवरून शिरस्त्राण ओढून घेतांना लाउडाच्या तोंडून निघणारा चीत्कार. आपल्यापुढें येतें तें एवढेंच. शरीर सोसतें तें चित्रपटानें दाखविलें. शरीर करतें तें दाखविलें नाहीं.

धोका आणि श्रम या दोन भिन्न वस्तु आहेत. विहिरींत सुरुंग लावणाराला धोका असतो, आणि रेल्वेच्या टपावर बसून जाणाऱ्या उनाड पोरालाहि धोका असतो. पण या दोघांना एका मापानें मोजणें बरें नव्हे. मरणाच्या शक्यतेनें जर खेळ ठरत असेल तर अपघात कमी होतील तसतसा तो खेळ कमी ठरत जावयास पाहिजे. आणि अपघाती मृत्यु कमी झालेच आहेत. १९९४ च्या मे महिन्याच्या पहिल्या दिवशीं इमोला येथें आयर्टन सेना गेला, त्याच्या आदल्याच दिवशीं त्याच मार्गावर रोलंड रॅट्झेनबर्गर गेला होता. त्यानंतर मोटारी, मार्ग व नियम यांत इतक्या सुधारणा झाल्या कीं पूर्वीं वर्षाकाठीं घडणारी गोष्ट आतां दुर्मिळ झाली आहे. मग काय, आजचा चालक हंटपेक्षां कमी प्रतीचा खेळाडू म्हणावयाचा?

हें सारें मला त्या संध्याकाळीं सुचलें असें मात्र नाहीं. मला तें सुचविलें आमच्याबरोबर बसलेल्या एका शेजाऱ्यानें. हे गृहस्थ एस.टी.चे निवृत्त चालक. आयुष्याचा पुष्कळसा भाग कल्याण-मुरबाडवरून माळशेज घाट चढण्याउतरण्यांत गेलेला. चित्रपटभर ते एक शब्द बोलले नाहींत. वडील गृहस्थांचा निकाल ऐकून मात्र ते मला म्हणाले, "गुरुजी, एवढीं वळणं घेतलीं त्यानं, पन मानंचं कोनी दाखवलंच नाय."

मी अनेक परीक्षणें वाचलीं आहेत, थोडीं लिहिलींहि आहेत. पण 'रश'वरचें याहून नेमकें परीक्षण माझ्या वाचनांत नाहीं. बसून गाडी हांकणाराचा पहिला शत्रु म्हणजे त्याची स्वतःची मान, हें त्यांना ठाऊक होतें, आणि कोट्यवधि रुपये खर्चून शर्यतीचा चित्रपट काढणारांच्या तें ध्यानांत आलें नव्हतें.

मानेचा हिशेब असा आहे. माणसाचें डोकें आणि त्यावरचें शिरस्त्राण मिळून सहासात किलो वजन होतें. आजच्या फॉर्म्युला वनच्या मोटारी वेगवान् वळणावर किंवा जोरानें ब्रेक लावतांना गुरुत्वाकर्षणाच्या चौपट-पांचपट ओढ निर्माण करतात. म्हणजे तें सहासात किलोंचें ओझें त्या क्षणीं तीस किलोंच्या घरांत जातें, आणि तें वरून खालीं नव्हे, तर आडवें, कानाच्या बाजूनें. डोक्यावर भाताची पाटी वाहणारी बाई ओझें कण्याच्या ओळींत ठेवते. येथें तीच पाटी कोणी बाजूनें ओढीत आहे अशी कल्पना करावी. असें एका फेरींत अनेक वेळां, आणि अशा फेऱ्या पन्नास-साठ. ब्रेकच्या पट्टीवर दर वेळीं शंभर किलोंच्या आसपास भार पायानें द्यावा लागतो, आणि तो देतांना बोटभर चूक चालत नाहीं. १९७६ च्या मोटारींत वळणाची ओढ आजच्याहून कमी होती हें खरें. पण तेव्हां चाकें वळविण्यास यंत्राचें साहाय्य नव्हतें, आणि गिअर प्रत्येक वेळीं हातानें बदलावा लागे. लाउडा व हंट यांचे तळहात कसे होते, तें पाहण्याची मला फार इच्छा होती.

शर्यतभर चालकाच्या हृदयाचे ठोके मिनिटास दीडशेंच्या वर राहतात. येथें एक शंका रास्त आहे: ठोके काय, भीतीनेंहि वाढतात, चित्रपट पाहतांना आमचेहि वाढले होते. तेव्हां ठोक्यांवर मी भर देत नाहीं. पण भीतीनें दीड-दोन तासांत दोनतीन किलो वजन उतरत नाहीं, आणि सिंगापुरासारख्या उष्ण व दमट ठिकाणीं या चालकांचें तें उतरतें. अग्निरोधक कपड्यांचे थर अंगावर, पाठीमागें तापलेलें एंजिन, आणि वारा म्हणावा तर शिरस्त्राणाच्या फटींतून येईल तेवढाच. ८ ऑक्टोबर २०२३ रोजीं कतार येथें झालेल्या शर्यतींत हें उघड्यावर आलें. लोगन सार्जंट याला अर्ध्यांतून माघार घ्यावी लागली. एस्तेबान ओकों याला शिरस्त्राणांतच ओकारी झाली आणि तरीहि त्यानें शर्यत पुरी केली. लान्स स्ट्रोल याच्या डोळ्यांपुढें अंधारी येत होती. हे सर्व तरुण, वर्षभर व्यायाम करणारे, वैद्यांच्या देखरेखीखालीं वाढविलेले देह. त्यानंतरच नियमकर्त्यांनीं अति उष्णतेच्या दिवसासाठीं चालकाच्या अंगांत गार ठेवणारी बंडी घालण्याची सोय नियमांत आणली. आणखी एक नियम मला फार बोलका वाटतो. मोटार हलकी असावी म्हणून चालक उपाशी राहूं लागले होते. तेव्हां २०१९ पासून चालक व त्याचें आसन मिळून किमान ऐंशी किलो भरलेच पाहिजेत, असें ठरविण्यांत आलें. बसून राहणाऱ्या माणसाचें पोट भरलेलें असावें म्हणून जेथें कायदा करावा लागतो, तेथें तें बसणें साधें नसावें, एवढें तरी कबूल करावयास हरकत नाहीं.

शरीर करतें तें दाखवितां येत नाहीं असेंहि नाहीं. असिफ कपाडिया यांचा 'सेना' हा २०१० सालचा माहितीपट घ्या. त्यांत एकहि नट नाहीं; सगळें जुन्या चित्रफितींतून जोडलेलें. १९९१ च्या मार्च महिन्यांत ब्राझीलमध्यें, स्वतःच्या गांवीं, सेना पहिल्यानेंच जिंकला ती शर्यत त्यांत आहे. त्याच्या मोटारीचे गिअर एकामागून एक निकामी होत गेले आणि शेवटल्या फेऱ्या त्यानें सहाव्या गिअरवर ओढल्या. ज्याने चढावर भरलेली गाडी वरच्या गिअरवर अडकलेली अनुभवली असेल त्याला याचा अर्थ निराळा सांगावयास नको. शर्यत संपल्यावर त्याला मोटारींतून उतरतां येईना. खांद्यांचे व मानेचे स्नायु आखडून गेले होते. वडील मिठी मारावयास आले तेव्हां हळूच स्पर्श करण्याची विनंती त्याला करावी लागली. मग विजयचिन्ह हातीं आल्यावर तें उचलण्याची त्याची धडपड. तो चषक वर जातां जातां अडतो, पुन्हां वर जातो. आणि त्या चारदोन क्षणांत 'रश'च्या दोन तासांना न साधलेली गोष्ट साधून जाते. जिंकलेला मनुष्य आपलें बक्षीस उचलूं शकत नाहीं, हें पाहिल्यावर आमचे वडील गृहस्थहि थोडा वेळ गप्प झाले.

आतां मनाकडे. याच माहितीपटांत १९८८ सालची मोनॅकोची गोष्ट आहे आणि ती मला इंटरलागोसच्या विजयापेक्षांहि मोलाची वाटते. मोनॅकोचा मार्ग म्हणजे शहरांतल्या अरुंद गल्ल्या; दोन्ही बाजूंस लोखंडी कठडे. सेना आणि अलँ प्रोस्त हे दोघे त्या वर्षीं एकाच मॅक्लारेन संघांत, एकाच बनावटीच्या मोटारींवर होते. शर्यतीपूर्वींच्या पात्रता-फेरींत सेनानें प्रोस्तला जवळजवळ दीड सेकंदानें मागें टाकलें. प्रोस्त हा कांहीं सामान्य चालक नव्हे. दोन वेळां जगज्जेता झालेला. यंत्र सारखें, मार्ग सारखा, दिवस सारखा. मग हा दीड सेकंद आला कोठून? तो माणसांतून आला, याखेरीज दुसरें उत्तर संभवत नाहीं. पुढें त्या अवस्थेचें वर्णन करतांना सेना म्हणत असे कीं आपण जणूं जाणिवेच्या पलीकडे जाऊन हांकीत होतों, आणि तें ध्यानांत आल्यावर आपल्याला भीति वाटली. आपल्याकडे अशा अवस्थेला तंद्री म्हणतील, कोणी समाधीहि म्हणतील. मी एवढ्या मोठ्या शब्दाच्या वाटेस जात नाहीं. मला महत्त्वाचें वाटतें तें पुढच्या दिवशींचें. शर्यतींत सेना प्रोस्तच्या सुमारें पन्नास सेकंद पुढें होता. थोड्याच फेऱ्या उरल्या होत्या. घाई करण्याचें कांहीं कारण नव्हतें. आणि तेथेंच, सारें निर्धास्त झाल्यावर, एका वळणावर तो कठड्याला जाऊन आदळला. शरीर थकलें म्हणून नव्हे; मन सैल पडलें म्हणून. बुद्धिबळाच्या पटावर अशी चूक केली तर प्यादें जातें, फार तर वजीर. येथें दोन तास पट समोरून तीनशें किलोमीटरच्या वेगानें अंगावर येत असतो आणि विचार करावयास उठून पाणी पिण्याची सोय नसते.

'रश'मध्यें या मनोव्यापाराला जागा मिळाली आहे ती दोनच ठिकाणीं, पण तीं दोन्ही ठिकाणें उत्तम आहेत. एके ठिकाणीं लाउडा सांगतो कीं देवानें आपल्याला बुद्धि बेताचीच दिली. पण मोटारीचें प्रत्येक दुखणें बसल्या बैठकींतून ओळखण्याची देणगी दिली. प्रेक्षक या वाक्याला हंसतात. मला तें सबंध चित्रपटांतलें सर्वांत गंभीर वाक्य वाटतें. वैद्य नाडीवर बोट ठेवतो, तबलजी शाईवर. हा मनुष्य आपल्या पाठीनें व मांड्यांनीं ऐकतो. आमच्या वडील गृहस्थांनीं ज्याला नुसतें बसणें म्हटलें तेंच त्याचें ज्ञानेंद्रिय आहे. दुसरें ठिकाण फुजीचें. पाऊस कोसळतो आहे, जगज्जेतेपद हाताशीं आहे, आणि लाउडा मोटार बाजूला घेऊन थांबतो. चित्रपटानें येथें त्याच्या पत्नीची आठवण घालून प्रसंग थोडा गोड केला आहे. त्याची गरज नव्हती. शरीर चालत होतें, मोटार चालत होती. थांबला तो विचार. आमचे शेजारी येथें एवढेंच बोलले कीं एका आषाढांत घाटांत दगड सुटतांना पाहून त्यांनींहि गाडी खालींच उभी केली होती, आणि उतारूंनीं त्यांना भित्रा म्हटलें होतें.

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे, नाहींतर हें परीक्षण राहणार नाहीं, वकीलपत्र होईल. मोटारींच्या शर्यतींत यंत्राचा वांटा फार मोठा आहे, आणि कित्येक वर्षीं तर ज्याची मोटार चांगली तो जिंकतो हें शर्यतीपूर्वींच ठाऊक असतें. १९८८ मध्यें सोळांपैकीं पंधरा शर्यती मॅक्लारेनच्या दोघांनींच जिंकल्या. उरलेल्या चालकांच्या माना कांहीं लवचिक नव्हत्या असें नव्हे. हें त्या खेळाच्या चालकांनीं प्रामाणिकपणें मान्यहि केलेलें आहे: चालकाचें जगज्जेतेपद १९५० पासून आहे, आणि १९५८ पासून मोटार बांधणाऱ्यांचें पद वेगळें देण्यांत येतें. कीर्तीची ही वांटणी मला आवडते. आमच्या बैलगाड्यांच्या शर्यतींत ती उलट्या टोंकाला झालेली आहे. फलकावर नांव असतें बैलाचें आणि मालकाचें. गाडीवर उभा राहून कासरे सांभाळणाराला कोणी विचारीत नाहीं. २०१४ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें या शर्यतींवर बंदी घातली तेव्हां बैलाच्या देहाचा, त्याच्या वेदनांचा विचार झाला, आणि तो व्हावयासच पाहिजे होता. २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. या सगळ्या वर्षांत बैलाचे श्रम तोलले गेले. मोटारीला वेदना नसते, म्हणून तेथें हा प्रश्न निघत नाहीं, आणि आंत बसलेल्या माणसाची वेदना शिरस्त्राणाच्या काळ्या कांचेमागें राहते. प्रेक्षकाला दिसतो रंग आणि ऐकूं येतो आवाज.

चित्रपटकारांची अडचण येथेंच आहे, आणि ती मी समजूं शकतों. मल्लाचे श्रम डोळ्यांना दिसतात, म्हणून त्यावर चित्रपट काढणें सोपें. आंत दडलेले श्रम दाखवावयाचे तर कॅमेऱ्याला शर्यत सोडून एका मानेवर, एका तळहातावर, एका बधिर झालेल्या पायावर बराच वेळ थांबावें लागेल, आणि प्रेक्षक तेवढा थांबेल कीं नाहीं याची खात्री कोणी देत नाहीं. हॉवर्ड यांनीं ज्वाळा निवडल्या. शर्यत सुरू होण्यापूर्वीं हंट ओकतो, हें त्यांनीं दाखविलें आहे. उतरल्यावर तो कसा उतरतो हें दाखविलें असतें तर चित्रपट कदाचित् कमी चालला असता, पण अधिक खरा झाला असता.

आमच्या वडील गृहस्थांचें मत बदललें कीं काय, असें वाचक विचारतील. 'सेना' पाहून झाल्यावर ते इतकेंच म्हणाले कीं खेळ म्हणा हवा तर, पण आखाडा म्हणूं नका. शेजारी तेव्हां उठून उंबऱ्यापाशीं गेले होते. कोणीतरी मागून हांक मारली, तशी ते वळले. मान न वळवितां, खांद्यांसकट सगळेच.